शिंपल्यांचा नदीतला उद्योग

उन्हाळ्यात नदीचं पाणी ओसरलं की काठच्या गाळात कधीकधी एक नागमोडी रेघ दिसते. तिच्या टोकाशी बोटभर चाचपा, काळपट-तपकिरी शिंपला हाताला लागेल. 'लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस' ही आपल्याकडची सर्रास आढळणारी जात. गोड्या पाण्यातले मोती पिकवतात ते हिच्यातही.

अर्धा गाळात रुतलेला हा प्राणी एका छिद्रातून पाणी आत ओढतो, कल्ल्यांवर गाळतो आणि दुसऱ्यातून बाहेर सोडतो. सूक्ष्म शेवाळ, जिवाणू, कुजके कण त्याच्या पोटात जातात. नको ते चिकट स्रावात गुंडाळून तळाला टाकलं जातं. म्हणजे एरवी वाहून गेलं असतं ते नायट्रोजन-फॉस्फरस तिथंच थांबतं. शिवाय शिंपला अमोनिया सोडतो, ते शेवाळाला आयतं खत. शेवाळावर किडे जगतात, किड्यांवर मासे. आणि गंमत म्हणजे माशांवाचून शिंपल्याचंही चालत नाही. त्याची पिल्लं सुरुवातीला माशांच्या कल्ल्यांना नाहीतर परांना चिकटून वाढतात.

मात्र शिंपले एकदम मोठ्या संख्येनं मेले, की अंगात साठलेलं सगळं कुजून पाण्यात उतरतं आणि प्राणवायू घटतो. वाळूउपशात तर तळासकट शिंपलेही ट्रकमध्ये जातात.