तोंडावरच्या पुटकुळ्या आणि हार्मोनची गोळी



आजचा विषय गटाच्या बैठकीत निघाला तेव्हा निम्म्या बाया हसल्या. पुटकुळ्यांवर काय बोलायचं, त्या तर पोरीबाळींना येतात! नावच बघा ना, तारुण्यपीटिका. पण मग ज्यांना तिशी-पस्तिशीनंतर, दोन लेकरं झाल्यावर हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेला दुखऱ्या गाठी येतात, त्यांनी काय करायचं? त्या बाया हसल्या नाहीत. त्यांनी पदर ओढून घेतला.

आमच्या गटात अशी एक जण आहे. वय ३७. नाव सांगत नाही, पण तिला विचारूनच हे सांगतोय. पाळीच्या आठवडाभर आधी तिची हनुवटी सुजायची. हळद-चंदन झालं, तुरटी झाली, कुणीतरी सांगितलं म्हणून टूथपेस्टसुद्धा लावून झाली. मग मेडिकलमधून गोरेपणाची एक ट्यूब आणली. चार दिवसांत चेहरा लख्ख! महिन्याभरानं मात्र गाल लाल, आग आग, आणि पुटकुळ्या दुप्पट. अशा ट्यूबमध्ये पुष्कळदा स्टेरॉइड असतं. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही नावं लेकीकडून वाचून घ्या. ती दिसली तर डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय चेहऱ्याला लावू नका.

त्यानंतर तिची भाची शहरातून आली. वय २३, चेहरा एकदम साफ. त्वचेच्या डॉक्टरांनी तिला हार्मोनची गोळी दिली होती. आमच्या मैत्रिणीनं पाकिटाचा फोटो काढला, मेडिकलवाल्याला दाखवला, त्यानं काही न विचारता स्ट्रिप दिली. तिनं ११ गोळ्या घेतल्यावर बैठकीत सहज सांगितलं. आमच्यातल्या आशाताईंनी तिला उपकेंद्रात नेलं. बीपी निघाला १६० वर १००. तिला कधी माहीतच नव्हतं. शिवाय डोकं दुखायच्या आधी डोळ्यांपुढे चमचमत्या रेषा येतात, हेही तिनं पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं.

गोळी एकच. भाचीला तिनं गुण दिला, मावशीला ती धोक्याची होती. असं का, ते आज नीट समजून घेऊ.

बाईच्या शरीरातही थोडे पुरुषी हार्मोन असतात. ते त्वचेतल्या तेलाच्या ग्रंथींना जास्त तेल करायला लावतात. तेल साचलं की छिद्र बुजतं, सूज येते. डॉक्टर जी गोळी देतात ती मुळात गर्भनिरोधक गोळीच असते. तिच्यात दोन हार्मोन असतात. त्यांच्यामुळे पुरुषी हार्मोनचा जोर कमी होतो, तेल कमी सुटतं. पण हे आठ दिवसांचं काम नाही. पहिले दोन-तीन महिने फारसा फरक दिसत नाही, उलट मळमळ, छाती जड वाटणं, मधेच डाग लागणं असं होऊ शकतं. गुण आला की नाही ते चार ते सहा महिन्यांनी ठरवायचं. आणि गोळी बंद केल्यावर पुष्कळ जणींच्या पुटकुळ्या परत येतात, हे आधीच माहीत असलेलं बरं.

फायदा चेहऱ्यापुरता नाही. पाळीत अंगावरून जास्त जात असेल तर कमी जातं, पोटदुखी कमी होते. अंडाशयाच्या आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचा धोका घटतो. स्तनाच्या कॅन्सरचा धोका गोळी चालू असताना थोडा वाढतो, बंद केल्यावर हळूहळू उतरतो. गोळीनं वांझपण येतं हे मात्र खोटं. सोडल्यावर दिवस राहतात.

मोठा धोका आहे रक्ताची गाठ होण्याचा. पायाच्या शिरेत गाठ होते आणि ती फुप्फुसात जाऊ शकते. आजूबाजूच्या दहा-पंधरा गावांतल्या १०,००० बाया डोळ्यांपुढे आणा. गोळी न घेणाऱ्या आणि गरोदर नसलेल्या बायांमध्ये वर्षाला साधारण दोघींना अशी गाठ होते. माला-एनमध्ये असतं तसं लेव्होनॉरजेस्ट्रेल असलेली गोळी घेतली तर ५ ते ७ जणींना. पुटकुळ्यांसाठी डॉक्टर बहुधा ड्रॉस्पिरेनोन किंवा सायप्रोटेरोनची गोळी देतात, तिच्यात ९ ते १२ जणींना. म्हणजे हजारो बायांना काहीच होत नाही. घाबरवायचं नाही आम्हाला. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर तर हा धोका याहून जास्त असतो. पण त्या बाराजणींत आपण असू का, याचा अंदाज आधी घेता येतो, आणि तो न घेताच मेडिकलमधून पाकीट आणायचं, याला आमचा विरोध आहे.

ज्यांचा बीपी वाढलेला आहे, डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढे चमक येते, पूर्वी रक्ताची गाठ, अर्धांगवायू किंवा हृदयाचा त्रास झालाय, स्तनाचा कॅन्सर किंवा यकृताचा मोठा आजार आहे, त्यांनी ही गोळी घ्यायची नाही. वय ३५ च्या पुढे आणि विडी-सिगारेट चालू, तरीही नाही. मिश्री लावत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा, लाजू नका. नुकतं बाळंतपण झालं असेल, बाळ अंगावर पीत असेल, तर थांबायचं. मूल हवं असेल तर अर्थातच नाही. टीबीचं औषध चालू असेल तर सांगा, रिफाम्पिसिनमुळे गोळीचा परिणाम उतरतो.

आणखी एक. पंधरा दिवस घेतली, चेहरा बरा वाटला म्हणून महिना-दोन महिने सोडली, पुन्हा लग्नसराईत सुरू केली, असं करू नका. गाठीचा धोका सुरुवातीच्या काळात जास्त असतो, आणि महिनाभर सोडून पुन्हा सुरू केली की ती सुरुवात पुन्हा होते.

आता आम्हाला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. आपल्यापैकी कितीतरी जणींचं ऑपरेशन झालेलं आहे. भाचीला गोळीनं दोन कामं होतात, दिवस राहत नाहीत आणि चेहराही साफ होतो. ऑपरेशन झालेल्या बाईला त्यातलं पहिलं काम नकोच आहे. म्हणजे तिच्या तराजूत एका पारड्यात फक्त चेहरा, दुसऱ्यात धोका तेवढाच. त्यात वय वाढलेलं. (घरात पाकीट सापडलं की “ऑपरेशन झालंय, मग गोळ्या कशाला?” हा प्रश्न येतो तो वेगळाच. एकीला त्यावरून आठ दिवस बोलणी खावी लागली.) अशा बाईनं आधी लावायच्या औषधानं सुरुवात करावी असं आमचं मत. बेंझॉइल पेरॉक्साइड किंवा अडॅपालिन डॉक्टरांना विचारून आणायचं, रात्री वाटाण्याएवढं घ्यायचं, सगळ्या भागावर पातळ लावायचं. कातडी थोडी सुकते. दोन-तीन महिने धीर धरावा लागतो. गरोदर असाल तर अडॅपालिन नको.

पाळी दोन-दोन महिने येत नसेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, तर चेहऱ्याचं नंतर बघू, आधी तपासणी करा. तो पीसीओएसचा त्रास असू शकतो.

बायांनी विचारलेलं एक राहिलं. आशाताईंची माला-एन चेहऱ्यासाठी चालेल का? त्या पाकिटात २८ गोळ्या असतात, २१ हार्मोनच्या आणि ७ लोहाच्या. पाळणा लांबवायला घेत असाल तर काहींचा चेहराही सुधारतो. छाया गोळीत हार्मोन नाही, तिचा पुटकुळ्यांना उपयोग नाही. अंतरा इंजेक्शननं काहींच्या पुटकुळ्या वाढतात. तसं झालं तर आशाताईंना सांगा, मनानं बंद करू नका.

गोळी चालू असताना एकच पाय सुजून पोटरी दुखली, छातीत दुखून दम लागला, अचानक भयंकर डोकं दुखलं, बोलताना जीभ अडखळली किंवा अंधारी आली, तर सकाळची वाट न बघता १०८ ला फोन करा आणि गोळीचं पाकीट दवाखान्यात बरोबर न्या.

आमची मैत्रीण आता बीपीची गोळी घेते. रात्री ट्यूब लावते. हनुवटीवर अजून दोन-तीन आहेत, पण गाठी नाहीत. तिच्यामुळे आमच्या गटानं ठरवलंय की येत्या बैठकीआधी सगळ्यांनी उपकेंद्रात जाऊन बीपी मोजून यायचं आणि आकडा बचतीच्या पासबुकाच्या मागच्या पानावर लिहायचा.