हरित उद्योगांची परिषद आणि दाराबाहेरची माणसे



गोरेगाव पूर्वेला, पश्चिम द्रुतगती महामार्गाच्या कडेला नेस्कोचे विस्तीर्ण आवार आहे. न्यू स्टँडर्ड इंजिनीअरिंग कंपनी हे तिचे मूळचे नाव. एके काळी तेथे यंत्रे घडत. पुढे त्याच आवारात बॉम्बे एक्झिबिशन सेंटर उभे राहिले आणि इतरांनी घडवलेली यंत्रे मांडून दाखवण्यासाठी जागा भाड्याने देणे हा तेथील मोठा व्यवसाय झाला. सांडपाणी, घनकचरा आणि पुनर्वापर यांच्या तंत्रज्ञानाचे ‘इफाट इंडिया’ हे प्रदर्शन याच सभागृहांत भरत आले आहे. २०२० साली मात्र महापालिकेने तेथे करोनाच्या रुग्णांसाठी खाटा मांडल्या आणि देशातल्या व्यापारी परिषदांना संगणकाच्या पडद्याचा आश्रय घ्यावा लागला.

त्या वर्षीची एक परिषद ध्यानात ठेवण्यासारखी आहे. केंद्रीय नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाची ‘री-इन्व्हेस्ट’ ही परिषद २०१५ साली दिल्लीत प्रथम भरली. तिचे तिसरे अधिवेशन २६ ते २८ नोव्हेंबर २०२० या काळात संपूर्णतया ऑनलाइन झाले. पुढील दशकात या क्षेत्रात दरसाल सुमारे दीड लाख कोटी रुपयांच्या व्यवसायाची संधी आहे, असे पंतप्रधानांनी उद्घाटनाच्या भाषणात सांगितले. त्याच २६ नोव्हेंबरला केंद्रीय कामगार संघटनांचा देशव्यापी संप होता. त्याच दिवशी पंजाबचे शेतकरी दिल्लीकडे निघाले होते आणि हरियाणाच्या सीमेवर त्यांच्यावर पाण्याचे फवारे सोडले जात होते. प्रस्तावित वीज सुधारणा विधेयक मागे घ्यावे, ही त्या शेतकऱ्यांच्या मागण्यांपैकी एक मागणी होती. म्हणजे देशाच्या विजेचे पुढे काय व्हावे याचा विचार एकाच दिवशी पडद्यावरही चालला होता आणि रस्त्यावरही. परंतु या दोघांची गाठ पडली नाही.

यावरून काही कार्यकर्ते असा निष्कर्ष काढतात की ऑनलाइन परिषद म्हणजे भांडवलदारांनी जनतेपासून तोंड लपवण्याची नवी युक्ती होय, सबब तिला विरोध केला पाहिजे. हा निष्कर्ष उतावळेपणाचा आहे. बड्या भांडवलाला सभागृहाची गरज फारशी कधी नव्हतीच. सौर विजेची मोठी कंत्राटे ज्या लिलावांत ठरतात, त्यांत बोली वर न चढता खाली उतरते आणि ती संगणकावरच लागते. याच परिषदेच्या आठवड्यात राजस्थानातील प्रकल्पांसाठी सौर विजेचा दर युनिटला दोन रुपयांपर्यंत उतरला आणि डिसेंबरात गुजरातच्या लिलावात तो १ रुपया ९९ पैशांवर आला. हे व्यवहार कोणत्याही प्रदर्शनाच्या मंडपात झालेले नाहीत.

मग प्रदर्शन कोणासाठी असते? ते असते अंधेरीच्या एमआयडीसीत किंवा घाटकोपरच्या एखाद्या औद्योगिक वसाहतीत गाळा घेऊन पंप, झडपा, गाळण्या बनवणाऱ्या लहान उत्पादकासाठी. त्याच्यापाशी जाहिरातीला पैसा नसतो, ओळखीचे अधिकारी नसतात. त्याचा माल हीच त्याची शिफारस. आठवडी बाजारात शेतकरी बैलाचे दात पाहिल्याशिवाय सौदा करीत नाही, तद्वत खरेदीदार यंत्रावर हात ठेवल्याशिवाय नवख्या कारखानदाराला ऑर्डर देत नाही. पडद्यावर हात ठेवता येत नाही. तेथे नाव पाहिले जाते, आणि नाव बड्यांचे असते. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत माहिती फुकट मिळते असे गृहीत धरलेले असते. ज्याने गाळा चालवला आहे त्याला त्या गृहीतकाचे हसू येईल.

दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. सभागृहातील स्टॉलचे भाडे चौरस मीटरवर मोजले जाते. शिवाय मांडणी, मालवाहतूक, माणसांचा मुक्काम हे सारे आले. हा खर्च झेपत नाही म्हणून नाशिक-सांगलीचे कितीतरी लहान उद्योजक अशा प्रदर्शनांकडे फिरकत नाहीत. ऑनलाइन परिषदेत हा खर्च गळून पडतो. विमानप्रवासाचा धूरही वाचतो, आणि हरित म्हणवणाऱ्या उद्योगाने तो वाचवावा हे उचितच आहे. तेव्हा पाठिंबा द्यायचा. पण वाचलेला पैसा कोणाकडे गेला, एवढे विचारून द्यायचा.

तो कोणाच्या खिशातून गेला हे तर उघड आहे. तीन दिवसांच्या प्रदर्शनामागे सुतार, रंगारी, वायरमन, गालिचे अंथरणारे, खोकी वाहणारे हमाल, चहा-नाश्ता पुरवणारी पोरे अशी एक मोठी फौज राबत असते. पाटीवर आयोजकाचे नाव झळकते. ही माणसे कंत्राटदाराच्या उपकंत्राटदाराच्या वहीत असतात, किंवा त्या वहीतही नसतात. २०२० च्या जूनमध्ये लोकल पुन्हा सुरू झाली ती अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी. सर्वसामान्यांना ती १ फेब्रुवारी २०२१ पासून, तीही ठरावीक वेळांत खुली झाली. नालासोपाऱ्याच्या सुताराला काम नव्हते आणि ते शोधायला गाडीही नव्हती. परिषद पडद्यावर गेली तेव्हा हा माणूस कोठे गेला, याची नोंद कोणत्याही अहवालात सापडणार नाही.

हरित उद्योगाच्या तळाशी असलेल्यांची गोष्ट तर याहून विलक्षण आहे. स्त्री मुक्ती संघटनेच्या ‘परिसर विकास’ कार्यक्रमातून कचरावेचक स्त्रिया भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ‘निसर्गऋण’ पद्धतीची बायोगॅस संयंत्रे चालवावयास शिकल्या. ओला कचरा कोणता घ्यावा, कोणता टाळावा, संयंत्र कशाने तुंबते, हे त्यांना हाताने ठाऊक आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांनी कचरावेचकांचे अस्तित्व मान्य केले. व्यापारी परिषदांनी ते अद्याप केलेले दिसत नाही. सभागृहाच्या दारात गळ्यात अडकवायचा पास लागतो, आणि पडद्याच्या दारात इंग्रजी लागते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील सुमारे ३८ टक्के स्त्रियांनीच कधी काळी इंटरनेट वापरल्याचे आढळले. पुरुषांत हे प्रमाण ६१ टक्क्यांच्या घरात होते. तेव्हा ऑनलाइन परिषद सर्वांना खुली आहे हे विधान अर्धसत्य ठरते.

यात पक्षाच्या शाखांना काही करता येण्याजोगे आहे. मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली येथील युनियनच्या कार्यालयांत मोठा पडदा लावून अशी परिषद सामुदायिकपणे पाहता येईल. शेजारी मराठीत समजावून सांगणारा जाणकार बसवता येईल. कचरावेचक बायका आणि गाळेवाले यांचे प्रश्न तेथूनच वक्त्यांकडे पाठवता येतील. (वीज गेली तर मात्र सारेच ठप्प. १२ ऑक्टोबर २०२० रोजी अवघी मुंबई अंधारात गेली, तेव्हा विद्यापीठाला त्या दिवशीच्या ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या होत्या.) आयोजकांकडे लहान उद्योगांसाठी नाममात्र शुल्क आणि प्रत्यक्ष यंत्र पाहण्यासाठी उपनगरात एक दिवसाचे तरी मांडणे, हे मागावयास हरकत नाही.

राहिला मंडप-कामगारांचा प्रश्न. त्यासाठी महाराष्ट्रापाशी स्वतःचे उदाहरण आहे. १९६९ च्या माथाडी कायद्याने मालक आणि हमाल या दोघांचीही नोंदणी मंडळाकडे आणली. मजुरी मंडळात भरायची, तिच्यावर लेव्ही भरायची, आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी, रजा, बोनस द्यावयाचा, अशी ती व्यवस्था. ज्याचा मालक रोज बदलतो त्यालाही कायमपणाचे काही लाभ मिळू शकतात, हे त्या कायद्याने सिद्ध केले. प्रदर्शनातील हमाल त्या चौकटीत बसू शकतात. सुतार आणि वायरमन यांच्यासाठी ती रुंद करावी लागेल. ऑनलाइन प्रवेशशुल्कावर लेव्ही घेण्याची तरतूद त्या कायद्यात नाही, म्हणून ती आधी आयोजकांशी करार करूनच मिळवावी लागेल. ‘इफाट’ २०२२ च्या सप्टेंबरात पुन्हा गोरेगावात भरले. सभागृहे आता पूर्ववत गजबजली आहेत. करार करावयाचा तर तो मंडप उभा राहत असताना, कामगार एके ठिकाणी भेटतात त्या चार-सहा दिवसांतच होऊ शकतो. मंडप उतरला की त्यांचा पत्ता लागत नाही.