समोर बसलेलं मूल



 दीपनगरच्या या बालसाहित्य संमेलनात मुलांच्या पुस्तकांविषयी बोलायचं तर साने गुरुजींना वगळून पुढे जाता येत नाही. तापीपलीकडे फैजपूर आहे. खेड्यात भरलेलं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन १९३६ साली तिथं झालं आणि त्यासाठी गुरुजी खानदेशात झटले.

‘श्यामची आई’तला श्याम कोकणातला, पालगडचा. पण गोष्ट सांगणारे गुरुजी घडले ते आपल्याकडे. १९२४ मध्ये ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले आणि पुढे छात्रालय सांभाळू लागले. मुलांचे कपडे धुणं, खोल्या झाडणं हे सगळं त्यांनी गाजावाजा न करता केलं, हे आपण नेहमी सांगतो. त्याच छात्रालयात ते हातानं लिहून दैनिक काढत, हे मात्र फारसं सांगत नाही. लेखक म्हणून मला ते दैनिक फार मोलाचं वाटतं. सकाळी लिहिलेलं कोणी आवडीनं वाचलं, कोणी अर्ध्यावर सोडलं, हे रोज डोळ्यांसमोर दिसत असणार. लिहिणाऱ्याला याहून चांगली शाळा कुठली?

१९३० मध्ये नोकरी सोडून ते स्वातंत्र्यलढ्यात उतरले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर बोलत आणि गुरुजी ते उतरवून घेत. ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ आपल्या हाती आला तो त्या लेखणीमुळे. दुसऱ्याचं बोलणं इतक्या निष्ठेनं टिपणाऱ्या या माणसानं पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’चा बहुतेक भाग पाच दिवसांत लिहिला. पुस्तकाची रचना आठवा. संध्याकाळ झाली की आश्रमातले मित्र जमतात, श्याम सांगतो, बाकीचे ऐकतात. रात्रीमागून रात्र. पाच दिवसांचं ते लेखन, पण त्याच्या मागे अमळनेरची सगळी वर्षं उभी आहेत, असं माझं ठाम मत आहे.

‘श्यामची आई’ रडवते म्हणून थोर, असं म्हणणाऱ्यांशी माझं जुळत नाही. डोळ्यांत पाणी येतंच, माझ्याही येतं. पण ही आई फार कणखर आहे. पोहायला घाबरून लपलेल्या मुलाला ती फोकानं मारते. म्हाताऱ्या दलित बाईची मोळी पडते, तेव्हा ती श्यामला उचलून द्यायला पाठवते आणि नंतर अंघोळ करायला सांगते. त्या काळाची चौकट तिला पुरती मोडता आली नाही. ती मोडली मुलानं. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून १९४७ च्या मे महिन्यात गुरुजींनी उपोषण केलं आणि मंदिर खुलं झालं. पुस्तकातली मोळी आणि पंढरपूरचं उपोषण मुलांसमोर एकत्र ठेवा. मग गुरुजी त्यांना फोटोतले वाटणार नाहीत.

आचार्य अत्र्यांचा ‘श्यामची आई’ चित्रपट १९५३ चा. राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक त्याला मिळालं. त्याआधीच्याच वर्षी आपल्या असोद्याच्या बहिणाबाईंच्या कविता पुस्तकरूपानं आल्या, त्याही अत्र्यांच्या आग्रहामुळे. कोकणातली आई आणि खानदेशातली आई लागोपाठ महाराष्ट्राच्या घराघरांत पोचल्या. बहिणाबाईंनी आपल्या बोलीत रचलं आणि तेच सगळ्यांनी डोक्यावर घेतलं, हे मला इथं मुद्दाम सांगायचं आहे.

कारण दीपनगरच्या या वसाहतीत वीज केंद्रातल्या नोकरीमुळे साऱ्या महाराष्ट्रातून आलेली कुटुंबं राहतात. मुलं घरी अहिराणी बोलतात, लेवा गणबोली बोलतात, वऱ्हाडी बोलतात आणि शाळेत पाऊल ठेवताच गप्प होतात. शिक्षकांनो, माझी तुमच्याकडे एकच मागणी आहे. प्रत्येक शाळेत आठवड्याला एक हस्तलिखित भित्तिपत्रक निघू द्या. त्यात मुलांनी आजीकडून ऐकलेली गोष्ट आजीच्याच बोलीत लिहावी आणि तिच्यावर कोणी तांबडी शाई चालवू नये. पहिला अंक लागला की मला कळवा, मी वाचायला येईन.