‘हे कुठे लिहिलंय?’ : रमाबाई, त्यांच्या ‘आजीबाई’ आणि आमच्या घरातला वाद

हेडफोन लावून बस-लोकलमध्ये असाल तर थोडं सरकून बसा, कारण आजचा विषय जरा जड आहे. पण सुरुवात घरातूनच करतो.

मी नगरचा, प्रोटेस्टंट घरातला. बायको वसईची, कॅथलिक. गेल्या वर्षी माझी आजी गेली. महिना झाल्यावर बायको सहज म्हणाली, “आजींच्या आत्म्यासाठी आमच्या चर्चमध्ये मिस्सा सांगू या का?” आई चहा गाळत होती. तिथूनच तिने विचारलं, “मेलेल्या माणसासाठी प्रार्थना करा, असं शास्त्रात कुठे लिहिलंय?”

बायको म्हणाली, “आमच्यात लिहिलंय.”

आणि गंमत म्हणजे दोघी बरोबर होत्या! कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तकं आहेत, आपल्या प्रोटेस्टंट बायबलमध्ये ६६. मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात लढाईत मेलेल्यांसाठी प्रार्थना केल्याचा उल्लेख आहे. पण ते पुस्तक ७३मध्ये येतं, ६६मध्ये येत नाही. म्हणजे ‘पुस्तकात काय आहे’ हे विचारण्याआधी ‘पुस्तक कोणतं’ हे ठरवावं लागतं. आणि ते कोण ठरवणार? इथेच पाचशे वर्षांचा वाद उभा आहे.

थोडक्यात सांगतो. १५२१ साली जर्मनीतल्या वर्म्स शहरात मार्टिन ल्यूथर सम्राटासमोर उभा राहिला. त्याचं म्हणणं होतं की पोप आणि धर्मपरिषदाही चुकू शकतात, त्यामुळे शास्त्रातून पटवून दिल्याशिवाय मी माघार घेणार नाही. त्याला उत्तर म्हणून १५४६ साली ट्रेंटच्या परिषदेने जाहीर केलं की शास्त्र आणि प्रेषितांपासून चालत आलेली परंपरा, दोन्हींना सारखाच मान द्यायचा. पुस्तकांची यादीसुद्धा तिथेच पक्की केली.

आता ही झाली युरोपची गोष्ट. पण हाच वाद आपल्या एका मराठी बाईने इंग्लंडमध्ये जाऊन घातलाय, हे मला दोन वर्षांपूर्वीपर्यंत माहीत नव्हतं. पंडिता रमाबाई!

रमाबाईंचा जन्म १८५८चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध पत्करून घरातल्या बायकांना संस्कृत शिकवलं. दुष्काळात आई-वडील गेले. कलकत्त्याच्या पंडितांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. तिथे केशवचंद्र सेनांनी हातात वेद ठेवला, तेव्हा त्या बिचकल्या. कारण बाईने वेद वाचायचा नाही, हे लहानपणापासून ऐकलेलं. हा प्रसंग लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज इथे, अँग्लिकन सिस्टर्सच्या मठात, लेक मनोरमासह बाप्तिस्मा घेतला. तिथल्या सिस्टर जेराल्डीन त्यांच्या धर्ममाता. रमाबाई त्यांना पत्रात चक्क ‘आजीबाई’ म्हणत. इतकं जवळचं नातं.

आणि मग १८८५च्या सुमारास पत्रांतून खडाजंगी. रमाबाई विचारू लागल्या, त्रैक्याचं हे सूत्र जसं मांडता तसं शास्त्रात आहे का? अथानासियसच्या नावाने ओळखला जाणारा मतांगीकार मी का म्हणावा? क्रूसावरची अक्षरं लॅटिनमध्येच का, माझ्या संस्कृतात का नकोत? जेराल्डीन यांचं उत्तर साधारण असं, की तू नवी आहेस, चर्चने शतकानुशतकं जे जपलंय त्यापुढे नम्र हो, हा तुझा अहंकार बोलतोय. रमाबाईंनी कळवलं ते माझ्या शब्दांत सांगतो : आमच्याकडच्या पुरोहितांचं जोखड मी आत्ताच कष्टाने मानेवरून उतरवलंय, दुसरं लगेच चढवून घेणार नाही.

आता वेदाचा प्रसंग आठवा. ‘तू वाचू नकोस, आम्ही सांगतो तो अर्थ घे’ हे वाक्य या बाईने आधीच एकदा ऐकलं होतं. त्यामुळे तिच्यासाठी शास्त्र की परंपरा हा पुस्तकी प्रश्न नव्हताच. माझ्या विवेकाला इथे जागा आहे का, हा प्रश्न होता.

पण मंडळी, आजीबाईंची बाजूही हलकी समजू नका. इ.स. ३२५ला निकाया परिषदेने येशू आणि पिता ‘एकाच तत्त्वाचे’ आहेत असं ठरवलं, त्यासाठी वापरलेला ग्रीक शब्द बायबलमध्ये नाही. तरी बहुतेक प्रोटेस्टंटही तो सिद्धांत मानतात. नव्या कराराच्या २७ पुस्तकांची आजचीच यादी अथानासियसच्या ३६७ सालच्या पत्रात दिसते. आणि अँग्लिकनांची १५७१ची कलमं बघा. सहावं म्हणतं, शास्त्रात नाही ते कुणावर लादू नका. विसावं म्हणतं, श्रद्धेच्या वादात चर्चला अधिकार आहे, फक्त शास्त्राविरुद्ध जायचं नाही. म्हणजे एकाच कागदावर रमाबाईही आणि आजीबाईही!

माझ्या कामातही हेच होतं. नवीन आलेला विचारतो, डॉक्युमेंटेशनमध्ये कुठे आहे? सीनियर म्हणतो, आपल्याकडे असंच करतात. कधी सीनियरच्या ‘असंच’मागे जुना अपघात असतो, कधी नुसती सवय. विचारल्याशिवाय कळत नाही. माझं म्हणणं एवढंच : परंपरेचं ऐकून घ्यायचं, पण विचारणाऱ्याला गर्विष्ठ ठरवून गप्प करायचं नाही.

रमाबाई ख्रिस्ताला सोडून गेल्या नाहीत. उलट केडगावला राहून त्यांनी हिब्रू आणि ग्रीकमधून अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं. १९२२ साली मृत्यूच्या थोडं आधी काम संपलं. ‘तुम्हीच वाचा’ असं सांगण्याचा याहून मोठा मार्ग नसेल. अर्थात प्रत्येक मराठी शब्द निवडताना अर्थ त्यांनाही लावावाच लागला असणार. एकट्याने, कुणाच्याही मदतीशिवाय, कुणीच वाचत नाही.

आणि आमच्या आजीचं? मिस्सा झालं. आई आली, शेवटच्या बाकावर बसली. बाहेर पडताना बायकोला म्हणाली, “मी मागायला नाही आले हं, आभार मानायला आले.” बायको म्हणाली, “चालतंय की आई.” येताना दोघींनी मिळून आजीला आवडायची ती केळी घेतली.

तुमच्या घरात ‘हे कुठे लिहिलंय’ असं कोण विचारतं? त्यांना हा भाग नक्की ऐकवा. भेटू पुढच्या वेळी. काळजी घ्या!