आधी सीट ठरवा, परीक्षा आपोआप ठरेल

आजचा भाग अकरावी-बारावीवाल्यांसाठी आहे, आणि त्यांच्या घरच्यांसाठीही. जमलं तर मोबाइल स्पीकरवर टाका आणि आई-वडिलांना शेजारी बसवा. फॉर्मची फी तेच भरणार आहेत आणि दाखल्यांसाठी इंदापूरला चकराही तेच मारणार आहेत.

मी वालचंदनगरचा. बीटेक झालं, आता सॉफ्टवेअरमध्ये नोकरी. दिवाळी उलटली की गावाकडून मेसेज सुरू होतात: "दादा, जेईई देऊ का सीईटी?" मी उलट विचारतो, "जायचं कुठं आहे?" बहुतेक वेळा पलीकडून उत्तर येत नाही. स्टँडवर आपण आधी गाव ठरवतो आणि मग गाडी बघतो, बरोबर? इथं मात्र आधी गाडीत बसायचं आणि मग कंडक्टरला विचारायचं, असं चाललंय. आणि या तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत.

म्हणून आज उलटीकडून सुरुवात करू. कागद घ्या आणि तुम्हाला हव्या असलेल्या पाच-सहा सीट लिहा. समजा तुम्ही लिहिलं: बारामतीचं विद्या प्रतिष्ठानचं इंजिनिअरिंग कॉलेज, पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय, आणि ज्यांच्या नावावर आपलं गाव आहे त्याच वालचंद शेठजींच्या नावाचं सांगलीचं वालचंद कॉलेज. या चारही ठिकाणी महाराष्ट्रातल्या मुलांचा मुख्य रस्ता एकच: एमएचटी-सीईटी, पीसीएम ग्रुप. बीएस्सी ॲग्री किंवा बी. फार्म हवं असेल तरी सीईटीच, तिथे पीसीएम किंवा पीसीबी दोन्ही चालतात.

कागदावर नागपूरचं व्हीएनआयटी असेल तर जेईई मेन. महाराष्ट्रातली ही एकमेव एनआयटी, आणि तिथल्या निम्म्या जागा महाराष्ट्राच्या कोट्यातल्या. हा कोटा तुम्ही बारावी कुठल्या राज्यातून पास झालात त्यावर ठरतो, आधारवरच्या पत्त्यावर नाही. त्यामुळे कोट्याला क्लास लावून बारावीही तिकडूनच देणार असाल तर आधी हा हिशोब करा. आयआयटी लिहिलं असेल तर जेईई मेनमधून वरचे सुमारे अडीच लाख जण ॲडव्हान्स्डला पात्र ठरतात, मग दुसरी परीक्षा. पुण्याचं आयसर हवं असेल तर २०२४ पासून फक्त आयसरची स्वतःची ॲप्टिट्यूड टेस्ट, जेईईचा स्कोअर तिथे चालत नाही. बारामतीचं सरकारी मेडिकल कॉलेज असेल तर नीट. दिल्ली विद्यापीठात बीए-बीकॉम करायचं असेल तर सीयूईटी, जी २०२२ ला सुरू झाली.

आता कागदाकडे बघा. सहापैकी पाच सीट सीईटीच्या निघाल्या, तर तुमची मुख्य परीक्षा सीईटी आहे. शेजारच्याचा मुलगा काय देतोय, याला अर्थ नाही.

दोन्ही परीक्षांचा स्वभावही वेगळा आहे. सीईटीत १५० प्रश्न, २०० गुण, तीन तास. गणिताला प्रत्येकी २ गुण, फिजिक्स-केमिस्ट्रीला प्रत्येकी १. निगेटिव्ह मार्किंग नाही. साधारण ८० टक्के भाग बारावीचा आणि २० टक्के अकरावीचा, तोही आपल्या स्टेट बोर्डाचा. म्हणजे बोर्डाचं पुस्तक नीट केलेल्या मुलाला इथे फायदा आहे, फक्त स्पीड पाहिजे. जेईई मेनला ७५ प्रश्न, ३०० गुण. बरोबर आलं तर ४, चुकलं तर १ वजा. प्रश्न कमी, पण एकेक प्रश्न खोल. ती जानेवारीत आणि एप्रिलमध्ये अशी दोनदा होते आणि चांगला स्कोअर धरतात. मराठीतून शिकलेल्यांनी हेही ऐका: जेईई मेनचा पेपर मराठीत घेता येतो. सीईटीत फिजिक्स-केमिस्ट्री मराठीत मिळतं, गणित मात्र इंग्रजीतच. गणिताचे इंग्रजी शब्द आत्तापासून डोळ्याखालून घाला.

"मग दोन्ही देऊ?" द्या की. पण एक मुख्य आणि एक जोडीला, हे घरात बोलून ठरवा. कारण क्लासची फी लाखाच्या घरात जाते आणि ऊसाचं बिल काही क्लासच्या हप्त्याच्या तारखेला येत नाही. ज्या सीट तुमच्या कागदावर नाहीत त्यांच्यासाठी दोन वर्षं आणि घरचे पैसे घालू नका, एवढंच माझं म्हणणं.

आता दाखले. इथे आपल्या भागातली मुलं सगळ्यात जास्त अडकतात, कारण राज्याची आणि केंद्राची यादी वेगळी आहे. मराठा समाजातल्या मुलांना राज्यात २०२४ च्या कायद्याने एसईबीसीचं १० टक्के आरक्षण आहे. पण जेईई-नीटच्या केंद्राच्या जागांना एसईबीसी नावाचा रकानाच नाही. तिथे तुम्ही जनरल, किंवा निकषात बसलात तर ईडब्ल्यूएस. केंद्राच्या ईडब्ल्यूएससाठी कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं आणि शेतजमीन ५ एकरांपेक्षा कमी. सातबारा काढा आणि बघा. धनगर समाजातली मुलं राज्यात एनटी-सी, पण केंद्रात ओबीसी. केंद्राचा ओबीसी दाखला वेगळ्या नमुन्यात असतो, राज्याचा नॉन-क्रिमीलेअर तिथे चालत नाही. आणि जूनमध्ये केंद्राचं काउन्सेलिंग सुरू होतं तेव्हा ओबीसी आणि ईडब्ल्यूएसचा दाखला त्या वर्षीच्या १ एप्रिलला किंवा त्यानंतर काढलेला मागतात. राज्याच्या प्रवेशाला जात वैधता लागते, तिचा अर्ज अकरावीतच टाका. सेवा केंद्रात आणि प्रांत कार्यालयात मे-जूनमध्ये काय गर्दी असते, ते सांगायला नको.

मुलींच्या पालकांनी पुढचं नीट ऐका. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पण प्रवेश कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीभूत फेरीतून झालेला पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर नाही. आपल्याकडे "तिला जवळच कुठंतरी टाकू, सीईटी कशाला" असं सहज म्हणतात. त्या एका वाक्याची किंमत चार वर्षांची फी आहे. बारावी सायन्सच्या प्रत्येक मुलीने सीईटीचा फॉर्म भरलाच पाहिजे, पुढचं पुढे बघू.

फॉर्मकडे येतो. हे माझ्या कामाच्या जवळचं आहे.

एक. मोबाइल नंबर आणि ईमेल तुमचा किंवा आई-वडिलांचा टाका, नेट कॅफेवाल्याचा नको. तो माणूस चांगलाच असेल, पण ओटीपी, ॲडमिट कार्ड, कॉलेज अलॉटमेंट सगळं त्या नंबरवर येतं आणि जूनमध्ये त्याच्याकडे शंभर जणांचे पासवर्ड असतात. जेईईच्या दुरुस्तीच्या मुदतीत नंबर आणि ईमेल बदलतही नाही.

दोन. नाव. आपल्या दहावीच्या मार्कलिस्टवर आडनाव आधी, आधारवर बहुतेकांचं आडनाव शेवटी. स्पेलिंगमध्ये एखादा 'ए' कमी-जास्त. फॉर्म उघडायच्या आधी दहावीची मार्कलिस्ट आणि आधार शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा, आधारमध्ये चूक असेल तर आधी ती दुरुस्त करा.

तीन. शेवटच्या दिवसाची वाट बघू नका. लाखो मुलं एकाच संध्याकाळी सबमिट दाबतात, तेव्हा सर्व्हर हळू होतो आणि पेमेंट अधांतरी लटकतं. पैसे कापले गेले पण स्टेटस पेंडिंग दिसतंय, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. थोडा वेळ द्या, परत लॉगिन करून बघा. कन्फर्मेशन पेज हातात आलं म्हणजेच फॉर्म भरला, बँकेचा मेसेज म्हणजे फॉर्म नव्हे. त्या पेजची पीडीएफ स्वतःला आणि घरच्यांना पाठवून ठेवा.

चार. साइटचा पत्ता नीट बघा. जेईई मेनची साइट एनआयसी डॉट इनवर संपते, सीईटी सेलची महासीईटी डॉट ऑर्गवर. व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवरून फी भरायची नाही.

पाच. सेंटर. जेईईची सकाळची शिफ्ट ९ वाजता सुरू होते आणि गेट अर्धा तास आधी बंद होतं. वालचंदनगरहून पुणे सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे पहिल्या एसटीने निघून भागत नाही. जिथे रात्री मुक्कामाला नातेवाईक आहेत ते शहर पहिल्या पसंतीला टाका. आत्याचं घर हडपसरला असेल तर पुणे, मामा सोलापुरात असेल तर सोलापूर.

आणि शेवटचं, मोठ्यांच्या सल्ल्याबद्दल. २०१४ आणि २०१५ ला महाराष्ट्रात इंजिनिअरिंगचे प्रवेश सीईटीवर नव्हते, जेईई मेन आणि बारावीचे गुण निम्मे-निम्मे धरायचे. २०१६ ला, माझ्या बॅचला, सीईटी परत आली. म्हणजे माझ्या पुढच्या वर्गातल्या दादाने खरं सांगितलं असतं तरी ते मला लागू नव्हतं. तसंच मी आज सांगितलेलंही दरवर्षीच्या माहिती पुस्तिकेशी ताडून बघा. पुस्तिका साइटवर फुकट मिळते, कंटाळवाणी असते. पण तुमच्या सीटचा करार तिथेच लिहिलेला असतो.

या आठवड्याचं काम एवढंच: पाच-सहा सीटचा कागद, त्यापुढे परीक्षेचं नाव, आणि त्यापुढे लागणारा दाखला. कागद कपाटावर चिकटवा. प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात कॅपचा ऑप्शन फॉर्म कसा भरायचा ते बघू. चला, अभ्यासाला लागा.