पेंढ्यातली दुसरी साखर

सकाळची ताडी दुपारपर्यंत फेसाळते आणि पावाची कणीक फुगते. या दोन्ही कामांमागे एकच कामकरी आहे. त्याचे नाव यीस्ट. डोळ्यांना न दिसणारा हा जीव साखर खातो आणि मद्यार्क व कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. साखर कारखान्यातल्या मळीपासून मद्यार्क होतो तो याच्याच जिवावर. हाच मद्यार्क, म्हणजे इथेनॉल, आज पेट्रोलात मिसळतात. २०२५ साली आपल्या देशात हे प्रमाण वीस टक्क्यांवर गेले.

पण मळी किती पुरणार? ऊस आणि मका वाढवावा तर जमीन व पाणी लागते. म्हणून शास्त्रज्ञांची नजर पेंढ्याकडे, पाचटाकडे वळली.

तुम्ही म्हणाल, पेंढा कुठे गोड असतो? गोड नसतो खरा, पण बराचसा साखरेचाच बनलेला असतो. साखरेचे कण साखळीसारखे एकमेकांत अडकलेले असतात, म्हणून जिभेला कळत नाहीत. वाफ, आम्ल आणि विकरे यांनी ही साखळी तोडली की साखर मोकळी होते. गंमत अशी की ही साखर दोन जातींची निघते. एक ग्लुकोज, दुसरी झायलोज, म्हणजे लाकूड-साखर. यीस्ट ग्लुकोज चट्टामट्टा करते आणि झायलोजला तोंडही लावत नाही. भाजी खाऊन भाकरी ताटात टाकणारे पोर असते ना, तसे! ढोबळ मानाने पेंढ्याच्या वजनाचा पाचवा हिस्सा या दुसऱ्या साखरेच्या साखळ्यांचा. तो वाया गेला तर धंदा परवडायचा कसा?

अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात नॅन्सी हो या विदुषींनी १९९३ साली यावर तोड काढली. झायलोज खाणाऱ्या दुसऱ्या एका यीस्टची जनुके, म्हणजे पेशीला काम सांगणारी आज्ञापत्रे म्हणा, त्यांनी आपल्या नेहमीच्या यीस्टमध्ये बसवली. ते दोन्ही साखरा खाऊ लागले. मात्र या वाटेत काही साखर अर्धवट बदलून तशीच पडून राही.

पुढची गोष्ट मला फार आवडते. हत्ती बांबू, फांद्या, साल असे काहीही खातो. ते पचवायला त्याच्या पोटातल्या बुरश्या मदत करतात. एका भारतीय हत्तीच्या लिदीतून अशी एक बुरशी हॉलंडमध्ये वेगळी काढलेली होती. तिच्याजवळ झायलोज एकाच पायरीत बदलणारे विकर होते. डेल्फ्ट येथील संशोधकांनी त्याचे जनुक यीस्टमध्ये घातले. हे २००३ साली प्रसिद्ध झाले. पहिल्यांदा यीस्ट झायलोजवर अगदी रडतखडत वाढले. मग त्यांनी काय केले? आपण टपोरे कणीस बियाण्याला राखतो, तेच. जे झपाट्याने वाढेल तेवढेच पुढच्या भांड्यात, अशा कित्येक पिढ्या काढल्या, तेव्हा कुठे ते चपळ झाले.

पेंढ्याचा कारखाना आपल्या देशातही आहे. हरियाणात पानिपतला इंडियन ऑइलचा कारखाना १० ऑगस्ट २०२२ रोजी देशाला अर्पण झाला. तंत्र पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचे. वर्षाला सुमारे दोन लाख टन भाताच्या पेंढ्यापासून तीन कोटी लिटर इथेनॉल काढण्याची त्याची योजना. तिकडे गव्हाच्या पेरणीची घाई असते, म्हणून पेंढा शेतातच पेटवून देतात. त्याला गिऱ्हाईक मिळाले तर चांगलेच.

आपल्याकडे मात्र हिशेब वेगळा आहे. ज्वारीचा कडबा स्वस्त माल आहे, असे दुष्काळात जनावरे जगवलेल्या माणसाला कोणी सांगून पाहावे! उसाचे चिपाड कारखान्याच्या भट्टीत जाते. पाचट रानात पसरले तर ओल टिकते. खरोखर नकोसा माल म्हणजे पऱ्हाट्या. त्यांचा ढीग बांधावर पडला की उरलेल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून बसते आणि पुढच्या हंगामात उठते. चुलीपुरत्या ठेवून बाकीच्यांना भाव मिळाला, तर रान लवकर मोकळे होईल. पण पऱ्हाटी फोफशी. गाडी भरलेली दिसते आणि वजन भरत नाही. शिवाय ती लाकडासारखी कठीण, फोडायला खर्च अधिक. यीस्ट दोन्ही साखरा खायला शिकले आहे. रानापासून कारखान्यापर्यंतचे गाडीभाडे कोणी द्यायचे, हे अजून ठरायचे आहे.