खडाची शर्यत

डोंगर चढणाऱ्याचें कौतुक सगळेच करितात. उतरणाऱ्याकडे सहसा कोणी पहात नाहीं. गुरखा पलटणींच्या जुन्या ‘खड’ शर्यतींत मात्र खरी कसोटी लागे ती उतारावरच. हिमालयाच्या पहाडांत तुटलेल्या, घसरत्या डोंगरउताराला खड म्हणतात. पायथ्यापासून माथा गांठावयाचा आणि तेथून वाटेची पर्वा न करितां सरळ खालीं यावयाचें, एवढीच ती शर्यत.

तिचें मोल वायव्य सरहद्दीवर कळे. सैन्याची रांग खिंडींतून जात असतां दोन्ही बाजूंच्या शिखरांवर आधीं लहान लहान तुकड्या चढवून ठेवाव्या लागत. रांग पुढें निघून गेली कीं त्या तुकड्यांना माथा सोडणें भाग. हाच क्षण घाताचा! त्या उठतांच टोळीवाले मागच्या अंगानें त्याच माथ्यावर येत आणि उतरणाऱ्यांच्या पाठीवर गोळ्या झाडीत. चढतांना दम लागला तर क्षणभर थांबतां येई. उतरतांना एकजण पडला, तर त्याला उचलण्यासाठीं चौघांना माघारीं फिरावें लागे.

५ व्या गुरखा रायफल्सचे चार्ल्स ग्रॅनव्हिल ब्रूस यांना या शर्यतींचा मोठा नाद. हेच पुढें १९२२ व १९२४ सालच्या एव्हरेस्ट मोहिमांचे नायक झाले. १८९९ सालीं त्यांच्याबरोबर हरकबीर थापा हा गुरखा स्कॉटलंडमधील स्काय बेटावर गेला. तेथील ग्लामेग डोंगर ७७५ मीटर उंच. म्हणजे आंकडा कांहीं मोठा नव्हे, पण तो जवळजवळ समुद्रसपाटीपासून उभा आणि सुट्या दगडगोट्यांनीं भरलेला. हरकबीराच्या पहिल्या धांवेची हकीकत तेथील जमीनदाराला खरी वाटेना, म्हणून तो पुन्हां धांवला, असें सांगतात. पायथ्याच्या स्लिगाखनहून तो अनवाणी निघाला आणि ५५ मिनिटांत परत आला. चढावयास ३७ मिनिटें, उतरावयास अवघीं १८!

राजगड उतरतांना ज्या श्रोत्यांचे गुडघे थरथरले असतील, त्यांना या १८ मिनिटांचा अर्थ निराळा सांगावयास नको. सुट्या दगडांवर पाऊल रोंवून चालत नाहीं. दगड सरकण्यापूर्वींच तें उचलावें लागतें. भीतीनें अंग मागें टाकलें कीं पाय निसटलाच.

हल्लीं ब्रिटिश सैन्याच्या गुरखा भरतीसाठीं नेपाळांत पोखरा येथें होणारी ‘डोको’ शर्यत अधिक प्रसिद्ध आहे. डोको म्हणजे बांबूची उभट पाटी. तिचा पट्टा कपाळावर घेतात. २५ किलो भार घेऊन सुमारें ५ किलोमीटरांची चढण पाऊण तासाच्या आसपास संपवावी लागते. ही पाटी कांहीं शर्यतीसाठीं बनविलेली नव्हे. पहाडांतल्या बायाही तिच्यांतून गवत, सरपण वाहतात. पलटणीनें फक्त घड्याळ लावलें. तें घड्याळ मात्र चढण संपतांच थांबतें, आणि जुन्या शर्यतीच्या जाणकाराला तेवढें एक खटकेल.